फ्लॅटलँडसाठी बीएमएक्सला फिक्स गिअर करावा का? (पुणे)

उलटीफेरी | ६ जुलै

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून धागा काढतोय.

मी धायरीला राहतो. दोन वर्षांपूर्वी एकाकडून वापरलेली वीस इंची बीएमएक्स घेतली आणि तेव्हापासून फ्लॅटलँडचं वेड लागलंय. बीएमएक्स म्हटलं की लोकांना रॅम्प, उड्या, मातीचे ढिगारे आठवतात. फ्लॅटलँडमध्ये यातलं काहीच नाही. सपाट जमीन, सायकल आणि आपण. चाकांच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी नळ्या बसवलेल्या असतात, त्यांना पेग म्हणतात. त्या पेगवर उभं राहून कधी पुढच्या तर कधी मागच्या चाकावर सायकल गोल फिरवायची, हँडलच्या पुढे जायचं, परत मागे यायचं, आणि हे सगळं पाय जमिनीला न लावता.

मला हँग-फाइव्ह जमतं. म्हणजे एक पाय पुढच्या पेगवर, दुसरा हवेत लोंबता, मागचं चाक उचललेलं, आणि सायकल पुढच्या चाकावर चालत राहते. अडलंय ते उलट्या फेऱ्यांना. सीटवर बसून मागे मागे गोल जायचं, तर अर्ध्या फेरीत वेग मरतो आणि पाय टेकतो. फ्रीकोस्टर हब (मागे जाताना पायडल न फिरवणारा चाकाचा मधला भाग) घ्यावी तर परदेशातून मागवावी लागेल, तेवढे पैसे आत्ता नाहीत. एक मित्र म्हणाला, सरळ फिक्स करून टाक, सर्कशीत तशीच असते.

करावं का? आणि पुण्यात कोण करून देईल? माझ्या सायकलला पुढे ३६ आणि मागे १६ दाते आहेत, साधं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील.

अनघा_के | ६ जुलै

माझा मुलगा आठवीत आहे. हा धागा त्याच्या नजरेला पडू नये म्हणून मी आजपासून लॅपटॉपला पासवर्ड टाकतेय :)

सदाशिवपेठी | ६ जुलै

फिक्स म्हणजे नेमकं काय? आमच्या वेळी फ्रीव्हील बिघडलं की दोन्हीकडे मोकळं फिरायचं आणि सायकल हातात धरून घरी यावं लागायचं. हे त्याच्या उलट का?

आटेबाज | ६ जुलै

सदाशिवपेठी, बरोबर उलट. माझं भोसरीला लेथचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

साध्या सायकलीत फ्रीव्हीलच्या आत दोन छोटे कुत्रे, म्हणजे अडकणारे खटके, असतात. पुढे पायडल मारलं की ते अडकतात आणि चाक ओढतात, पाय थांबवले की कट् कट् करत सुटतात. फिक्समध्ये कुत्रे नाहीत, दातेरी चाक हबला घट्ट. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. मागे पायडल मारलं तर सायकल मागे जाणार. पाय रोखून धरले तर तोच ब्रेक.

आता उलटीफेरीसाठी महत्त्वाचं. तू फ्रीव्हीलवर मागे जातोस तेव्हाही पायडल उलटं फिरतंच, कारण चाक मागे गेलं की कुत्रे अडकतात. म्हणजे पायांची हालचाल तुला आधीच माहीत आहे. फरक एवढाच, की आत्ता चाक तुझ्या पायांना फिरवतंय. तू जोर लावलास तर कुत्रे सुटतात आणि जोर वाया जातो. फिक्सवर तू चाकाला फिरवशील. तुझा वेग अर्ध्या फेरीत मरतो तो याचमुळे, मागे जाताना तुला वेग घालताच येत नाही.

आणि कळकळीने सांगतो, फ्रीव्हील वेल्ड करू नकोस. कोपऱ्यावरचा कोणीही वेल्डर दोन टाके मारून देईल आणि घराच्या दारात ते छान चालेल. पण फ्रीव्हीलचे आटे सरळ असतात. पुढे पायडल मारताना ते आवळत जातं. मागे जोर दिलास की तोच जोर ते उघडतो. दहा फेऱ्या चालेल, अकराव्याला पायाखाली काहीच नसेल. खऱ्या फिक्स हबवर कॉगच्या, म्हणजे मागच्या दातेरी चाकाच्या, बाहेरून एक लॉकरिंग असते आणि तिचे आटे उलटे असतात. कॉग सुटायला लागला की लॉकरिंग आणखी आवळते. आपल्या डाव्या पायडलचे आटे उलटे का असतात हे ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल.

हब काढून घेऊन ये. बाहेरच्या बाजूला दोनेक मिलिमीटर खाऊन उलटे आटे पाडण्याइतकी भिंत जाड आहे का ते बघावं लागेल. नसेल तर स्पष्ट नाही म्हणेन.

मागचंचाक | ७ जुलै

आटेबाज यांनी यंत्र अचूक सांगितलं, पण मी या सल्ल्याच्या विरोधात आहे.

मी बारा वर्षं फ्लॅटलँड करतोय. फ्लॅटलँडवाले फ्रीकोस्टर वापरतात त्याला कारण आहे. फ्रीकोस्टरवर सायकल मागे जाताना पायडल स्थिर राहतं. त्यामुळे तुम्ही पायडलवर उभे राहून मागे घसरत जाऊ शकता, एक पाय काढून पेगवर ठेवू शकता, परत आणू शकता. फिक्सवर मागच्या पेगवर गेलात की तुमच्याविना पायडल गरागरा फिरत राहतं आणि नडगीवर बसतं. एकदा नाही, प्रत्येक फेरीला. पुढच्या चाकावरच्या ट्रिकमध्ये मागचं चाक हवेत असतं, तिथे फारसा फरक नाही. पण मागच्या चाकावरचं अर्धं फ्लॅटलँड फिक्समुळे अवघड होऊन बसेल.

पैसे साठव. सहा महिने थांब. तोवर पुढच्या चाकावरचं काम पक्कं कर. हँग-फाइव्हनंतर स्टीमरोलर धर, त्यात खूप शिकायला मिळतं.

उलटीफेरी | ७ जुलै

मागचंचाक, तुम्ही पुण्यातच आहात का? दोन वर्षांत मला एकही फ्लॅटलँडवाला भेटला नाही. सगळं मोबाइलवर बघून शिकलोय.

मागचंचाक | ७ जुलै

निगडी. आणि मलाही चार वर्षांत कोणी भेटलं नव्हतं.

नानाकाका_जुन्नर | ८ जुलै

तुम्हा तरुणांचं हे वाचून फार बरं वाटलं. वय ६९, आता मुक्काम वारज्याला. सायकलच्या कसरतीबद्दल मलाही सांगायचंय.

आमच्या गावात मी शाळेत असताना एक सायकलवाला यायचा. सात दिवस सात रात्री सायकलवरून उतरायचं नाही, असा त्याचा खेळ. शाळेच्या पटांगणात मधे एक खांब, त्यावर कर्णा, चारी बाजूंना दोरीला बांधलेले बल्ब. तो त्या खांबाभोवती फिरत राहायचा. सायकलवरच भाकरी खायचा, सायकलवरच दाढी करायचा. एकदा आम्ही पोरांनी त्याच्या अंगावर बादलीने पाणी ओतलं, त्याने फिरत फिरत अंघोळ केली आणि फिरत फिरतच कपडे बदलले. रात्री गाव जमलं की खरा खेळ. हँडलवर उलटा बसून चालवायचा, सीटवर पोट टेकून दोन्ही हात पसरायचा. लोक त्याच्या सदऱ्याला टाचणीने नोटा लावायचे.

आता मुद्द्याचं. शेवटच्या दिवशी तो उतरला, पाटलांनी हार घातला, आणि मला त्याने सायकल धरायला दिली. मी ती ढकलत नेली, तर पायडलं आपोआप फिरत होती! मी घाबरून विचारलं, मोडली का? तो हसला आणि म्हणाला, हिला थांबायचं माहीत नाही, मलाही नाही. तेव्हा मला काही कळलं नव्हतं. आज आटेबाजांचा प्रतिसाद वाचला आणि पंचावन्न वर्षांनी उलगडा झाला, ती फिक्स होती.

अनघा_के | ८ जुलै

नानाकाका, अंगावर काटा आला. माझे बाबा कऱ्हाडकडचे, ते अगदी हेच सांगायचे, सदऱ्याच्या नोटांसकट. पासवर्ड काढून टाकलाय, मुलाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

सदाशिवपेठी | ८ जुलै

सर्कशीचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडच्या सर्कशीचे आद्य पुरुष विष्णुपंत छत्रे आपल्या सांगलीकडचेच. १८८० च्या सुमारास त्यांनी सर्कस उभी केली. तेव्हा घोड्यांचं काम मुख्य होतं, सायकली नंतर आल्या. कोणाला सायकलींच्या जुन्या गोष्टींत रस असेल तर कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय अवश्य बघा. मी नातवाला घेऊन गेलो होतो. जुन्या सायकली, जुने दिवे, पंप, सगळं पुण्यातल्या एका माणसाने हौसेने जमवलंय.

राइनकाठची | ९ जुलै

मी जर्मनीत राहते. इथे आमच्या गावच्या व्यायामशाळेत दर मंगळवारी मुली फिक्स गिअरच्या सायकलींवर कसरती करतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

याला इथे कुन्स्टराड म्हणतात, म्हणजे कलात्मक सायकलिंग. बीएमएक्सपेक्षा फार जुना प्रकार आहे. निकोलस कौफमान नावाच्या सायकलपटूने १८८० च्या दशकात सायकलवरच्या कसरती गाजवल्या, तिथपासून याची परंपरा सांगतात. सायकलला ब्रेक नाही, हँडल वर वळवलेलं, आणि गिअर फिक्स. पुढचे आणि मागचे दाते जवळपास सारखे असतात, म्हणजे पायडलची एक फेरी आणि चाकाचीही साधारण एकच. पाच मिनिटांत ठरलेल्या कसरती करायच्या. सीटवर एक पाय आणि हँडलवर दुसरा पाय ठेवून उभं राहतात, पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर चालवतात, आणि हो, उलट्या फेऱ्या! मागचंचाक म्हणतात ते फ्लॅटलँडपुरतं खरं असेल, पण उलट्या फेऱ्या फिक्सवर होतात की नाही हा प्रश्न इथल्या दहा वर्षांच्या मुलींनी कधीच सोडवलाय.

माझ्या शेजारणीची लेक शिकताना मी तिचे पाय बघत बसायचे. सायकल मागे जाताना तिची नजर चाकाकडे नसतेच, खांद्यावरून वळून पुढच्या वळणाकडे असते. आणि पाय लाटणं फिरवावं तसे एकसारखे. जोर नाही, झटका नाही.

आटेबाज | ९ जुलै

राइनकाठची ताई, दात्यांचं फार मोलाचं सांगितलंत. उलटीफेरी, हिशोब बघ. तुझ्या चाकाचा घेर साधारण दीड मीटर धर. ३६ ला १६ म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जवळपास साडेतीन मीटर जाते. छोट्या गोलात उलटं जाताना पाय जेमतेम अर्धी फेरी फिरतो आणि तेवढ्यालाही मांडीचा सगळा जोर लागतो. पुढे २५ आणि मागे १८ केलंस तर एका फेरीत दोन मीटरच्या थोडं वर. पाय हलका होईल, चूक झाली तर सावरायला वेळ मिळेल.

मागचंचाक | ९ जुलै

ताईंचं मान्य. पण कुन्स्टराडमध्ये पेगवर उभं राहून चाकाशेजारी पाय नाचवत नाहीत. दोन वेगळे नाच आहेत हे.

पदपथप्रेमी | ११ जुलै

विषयांतर करते, पण विचारायलाच हवं. हे सगळं तुम्ही करता कुठे? जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथवर मी दोनदा पोरांना पुढचं चाक उचलून जाताना बघितलंय. तो फुटपाथ इतक्या वर्षांनी चालणाऱ्यांना मिळालाय. माझ्या सासूबाई काठी घेऊन चालतात.

उलटीफेरी | ११ जुलै

ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. फुटपाथवर कधीच करत नाही, करूही नये. आणि आमच्या उपयोगाचाही नाही तो. फ्लॅटलँडला सांध्यांची जमीन चालतच नाही. पेव्हर ब्लॉकवर पुढच्या चाकावर तोल धरलेला असताना एक फट आली की खेळ खलास. आम्ही टायरमध्ये हवाही कडक भरतो, त्यामुळे प्रत्येक खडा हाताला कळतो.

मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करतो, सकाळी गाड्या बाहेर पडल्यावर. ट्रिमिक्सचं काँक्रीट आहे, आरशासारखं नाही पण एकसंध. आमचे वॉचमन काका आधी ओरडायचे. आता एखादी फेरी पूर्ण झाली की केबिनमधून शिट्टी वाजवतात.

दोन_पेरं_कमी | १२ जुलै

सगळे आटे, दाते बोलताय, पण जी गोष्ट आधी सांगायला हवी ती कोणीच बोललं नाही.

फिक्स सायकलची चेन चाक फिरत असताना कधीही पुसू नका. साध्या सायकलीत फडकं चेनला लावून पायडल उलटं फिरवायची सवय असते. फडकं अडकलं तर आपण हात थांबवतो आणि चेन थांबते. फिक्सला चाकाचा सगळा वेग चेनमध्ये असतो. माझी सायकल स्टँडवर होती, चाक नुसतं गरगरत होतं, फडक्याचं टोक कॉगमध्ये गेलं आणि पाठोपाठ बोटं. उजव्या हाताच्या दोन बोटांची वरची पेरं गेली. एक सेकंद लागला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

चाक पूर्ण थांबवा, तेवढ्या कड्या पुसा, चाक हाताने पुढे सरकवा, पुन्हा थांबवा. बुटाची नाडी आत खोचा. पँटचा पाय बांधा. आणि चेनला ढिलाई ठेवू नका, ती उतरून अडकली तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं.

सायकल मी अजून चालवतो, फिक्सच.

आटेबाज | १२ जुलै

हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. धन्यवाद दादा. उलटीफेरी, हे मान्य असेल तरच हब घेऊन ये.

उलटीफेरी | १२ जुलै

मान्य. वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. शनिवारी येतो.

उलटीफेरी | २ ऑगस्ट

झालं!

हबची भिंत पुरेशी निघाली. आटेबाजदादांनी लेथवर बाहेरची कड उतरवली, उलटे आटे पाडले आणि लोखंडाची लॉकरिंग स्वतः घडवून दिली. मी अडीच तास शेजारी उभा होतो. निळसर किस बाहेर पडताना, प्रत्येक फेरीनंतर रिंग लावून बघताना, आणि शेवटी ती बोटाने फिरत फिरत जाऊन अलगद टेकताना बघितलं. मजुरी घ्यायला तयार नव्हते, मी बळेच दिली. १८ दात्यांचा कॉग एका फिक्सीवाल्याकडून मिळाला, पुढचं २५ चं स्प्रॉकेटही वापरलेलंच. शिवाय दादांनी पेगच्या टोकांना नायलॉनच्या टोप्या करून दिल्या, आता काँक्रीटवर ओरखडे पडत नाहीत आणि सोसायटीचे चेअरमनही खूश.

पहिला दिवस भयंकर. पाय थांबवायची सवय जात नाही. थांबवले की सायकल पायांना उचलून देते.

सदाशिवपेठी | २ ऑगस्ट

नडगीला काही बांधलंत का? नातवाचे क्रिकेटचे पॅड उसने देतो.

उलटीफेरी | ३ ऑगस्ट

फुटबॉलचे शिनगार्ड घेतले काका. पण पॅडची आठवण ठेवतो :)

क्रीडांगण_कोपरा | १९ ऑगस्ट

धागा आत्ता वाचला. फ्लॅटलँड ऑलिंपिकमध्ये आहे का? असेल तर पोरांना सरकारी मदत मिळू शकेल.

मागचंचाक | १९ ऑगस्ट

नाही. बीएमएक्स रेसिंग २००८ च्या बीजिंगपासून आहे, आणि टोकियोपासून फ्रीस्टाइलमधलं पार्क, म्हणजे रॅम्पवालं. फ्लॅटलँड नाही. पण जागतिक सायकल संघटनेच्या जागतिक स्पर्धेत ते आहे, २०२३ मध्ये ग्लासगोला झालेल्या स्पर्धेतही होतं. जपानी आणि फ्रेंच खेळाडूंचं काम बघा. फ्रान्सचा मातियास दांद्वा, जपानचा योहेई उचिनो. उचिनोला गिरकी घेताना बघितलं की सायकल आहे हे विसरायला होतं.

उलटीफेरी | २६ ऑक्टोबर

धाग्याचा मूळ प्रश्न होता, फिक्स करावं का. तीन महिन्यांनी उत्तर लिहितोय.

उलट्या फेऱ्या जमल्या. आधी एक, मग तीन, दसऱ्याच्या सकाळी सलग अकरा. राइनकाठची ताईंनी लाटण्याचं लिहिलं होतं ना, तिथेच किल्ली होती. मी आधी दर अर्ध्या फेरीला दणका देत होतो. नजर खांद्यावरून वळणाकडे नेली, पाय हलके ठेवले, तर सायकल आपोआप गोल धरायला लागली. जागच्या जागी उभं राहणंही आलं. हँडल थोडं तिरकं, पाय समांतर, सायकल बोटभर पुढे, बोटभर मागे. आधी हे ब्रेक दाबून करायचो, आता ब्रेक काढूनच टाकलेत. पार्किंगच्या फाटकाबाहेर मात्र सायकल हातात धरून नेतो.

पण मागचंचाक यांचंही शब्दन्‌शब्द खरं निघालं. मागच्या पेगवर गेलो की पायडल येतं आणि मारतं. त्यावर उपाय शोधला, पायडल खालून वर येण्याच्या क्षणी पाय पेगवर न्यायचा, म्हणजे ते निघून गेलेलं असतं. दहातून चार वेळा जमतं. म्हणून फ्लॅटलँड शिकायला बसलेल्याला मी फिक्स सुचवणार नाही. ज्याला मागे जाताना सायकल अंगात भिनवायची आहे त्याला नक्की सुचवेन. पैसे साठले की फ्रीकोस्टरचं दुसरं चाक बांधणार आहे, हे चाक मोडणार नाही.

मागचंचाक | २६ ऑक्टोबर

तो क्षण पकडून पाय नेणं मी कधी बघितलेलं नाही. व्हिडिओ नको, प्रत्यक्ष दाखव. माझं फ्रीकोस्टरचं चाक घेऊन येतो, तू ते लावून बघ, मी तुझं लावून बघतो.

नानाकाका_जुन्नर | २७ ऑक्टोबर

मी आलो तर चालेल का? लांब बसून बघेन. धायरीपर्यंत रिक्षाने येईन.

उलटीफेरी | २७ ऑक्टोबर

काका, लांब कशाला, वॉचमन काकांची खुर्ची मधोमध ठेवतो, आम्ही तुमच्याभोवती फिरू. रविवारी सकाळी पावणेसात. सगळ्यांनी या. मागचंचाक, येताना सतराचा पान्हा आणा, चाकं बदलायची तर दोन लागतील आणि माझ्याकडे एकच आहे.

आटेबाज | २७ ऑक्टोबर

पान्हा मी आणतो. लॉकरिंगही एकदा तपासायची आहे.